पासवर्ड गाढवाच्या नावाचा

निरोप समारंभ वगैरे काही झाला नाही.
ओशच्या बाजारात, सामशाच्या तंदूरपाशी उभ्या उभ्या
बेकतूरनं एका पावतीच्या पाठीवर
लिहून दिला पासवर्ड:
गाढवाचं नाव, पुढे साल.
क्लबच्या पहिल्या चढाईत तंबू वाहून नेणारं गाढव,
मी जन्मात न पाहिलेलं.
"पहिलं अक्षर कॅपिटल," तो म्हणाला,
"बाकी काय हवं ते बदल, हे नको."
आणि बोटांचं तेल पावतीला पुसून निघून गेला
बिश्केकला, नोकरीवर.

असा माझ्या गळ्यात पडला
विद्यापीठाचा डोंगरभटक्यांचा क्लब:
एक दोर, दोन टॉर्च (एक चालू),
आणि एक हजार तीनशे चार फॉलोअर.

मी पदर खोचला.
पोस्टरवर आलायच्या शिखरांमागे सूर्य चिकटवला,
तो फार केशरी झाला, राहू दिला.
'रविवारी पहाटे सहा, जुना बस स्टँड.'
लाल बदाम दोनशे बारा.
'येणार म्हणजे येणार' अठ्ठेचाळीस.
रविवारी सहाला मी बुटांचे जोड मोजले.
नऊ.
त्यातला एक ड्रायव्हरचा.

एर्मेक पहिल्या वर्षाला आहे, म्हणून त्याला सगळं कळतं.
"एझे," म्हणाला, म्हणजे ताई,
"ही निव्वळ खोगीरभरती.
अर्धे लोक शहरातच नाहीत. काढून टाक.
यादी हलकी झाली की पोस्ट लांबवर जाते."
मला पटलं.
रात्री हॉस्टेलच्या जिन्यात बसून
(खोलीत गुलझात झोपलेली, आणि नेट जिन्यातच येतं)
मी एकेक नाव उघडायला लागले.

हा मॉस्कोत टॅक्सी चालवतो. काढला.
ही सोलमध्ये, मशीनपुढे, मास्क लावून. काढली.
हिच्या कडेवर बाळ, मागे कुठलंसं सपाट गाव. काढली.
झानिबेक, येकातेरिनबुर्ग, एक गोदाम, रात्रपाळी.

बोट थांबलं.
हे नाव ओळखीचं होतं.
माझ्या प्रत्येक पोस्टवर पहिला बदाम याचाच.
पहाटे तीनला टाका, चारला टाका,
केशरी सूर्यालासुद्धा
याचाच पहिला.

फोन खिशात घातला.
काढलेल्या तिघांना परत कसं आणतात
ते मला माहीत नव्हतं, अजूनही नाही.

पुढच्या रविवारी मी पोस्टर केलं नाही.
चालता चालता नुसता फोन धरला पुढे:
चाळीस सेकंद पायवाट,
आमच्या धापा, एर्मेकचं नाक ओढणं,
खाली कुणाचंतरी कुत्रं.
ना गाणं, ना अक्षरं. तसंच टाकून दिलं.
बदाम एकतीस.
एर्मेकनं कपाळावर हात मारला.

रात्री एक ओळ आली झानिबेककडून, इतक्या दिवसांतली पहिली:
"दुसऱ्या वळणावर एक दगड होता, बसायचा.
व्हिडिओत दिसला नाही. नेला का कुणी?"

काय उत्तर देणार?
त्या वळणावरून मी वीसदा गेले असेन,
दगड म्हणून एकही आठवेना.

मग मी लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं:
'या रविवारी चढाई नाही.
दुसऱ्या वळणापर्यंत जायचंय,
एक दगड आहे का ते बघायला.'

सतरा जण आले.
त्यातल्या सहांना मी ओळखतही नव्हते.
एक मुलगी शहरी चपला घालून आलेली,
म्हणाली, माझा भाऊपण तिकडेच आहे,
गोदामात नाही, बांधकामावर.

दगड होता.
वाटेच्या खालच्या अंगाला, झुडपाआड, थोडा कललेला,
वर गुळगुळीत.
आम्ही पाळीपाळीनं बसलो.
एर्मेक सगळ्यात जास्त वेळ बसला.

फोटो टाकला. खाली एवढंच लिहिलं:
"आहे."

तिकडे रात्रपाळी सुरू व्हायला अवकाश असावा.
बदाम आला नाही,
रात्रभर नाही.
सकाळी उठून बघते तर
झानिबेकनं फोटो स्वतःच्या पानावर लावलेला,
आणि त्याखाली
मला अनोळखी अशी कितीतरी माणसं
एकमेकांना विचारत होती
त्या गाढवाचं नाव.

मी सांगितलं नाही.